ठणका, कळ आणि ओढ : दुसऱ्या सिझरनंतरची एक रात्र

फाईल माझ्या हातात देण्याआधीच तिनं विचारलं, "मॅडम, ह्या वेळी रात्री दुखलं तर हाक कुणाला मारायची?"

मार्चचा दुसरा आठवडा होता. सांगलीतल्या एका बारा खाटांच्या प्रसूतिगृहात मी भूलतज्ज्ञ म्हणून जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचं ठरवून केलेलं सिझर होतं, म्हणून आदल्या संध्याकाळी भूलपूर्व तपासणीला ती सासूबाईंसोबत आली होती. वय २९, वजन ५८ किलो, तासगाव तालुक्यातलं गाव. थोरला मुलगा चार वर्षांचा. तोही सिझरनंच झालेला, दुसऱ्या गावी, माहेरच्या बाजूला. तिच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

तिचा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतात तसा नव्हता. "दुखेल का?" असं बहुतेक जणी विचारतात. हिला दुखणार हे माहीतच होतं. पहिल्या खेपेला दुखायला लागलं, तिनं सांगितलं, मग इंजेक्शन आलं. त्या इंजेक्शननं उलट्या सुरू झाल्या, आणि उलटीच्या प्रत्येक उबळीला टाका ओढला. पहाटेपर्यंत बाळ सासूबाईंच्या मांडीवर होतं. "जवळ घेता आलं न्हाई त्याला," एवढंच ती म्हणाली आणि हातातल्या पिशवीचा बंद पिळत बसली. जुन्या कागदांत त्या रात्रीचं औषध लिहिलेलं होतं: ट्रामाडॉल, आणि पुढे ‘दुखल्यास’ हा एक शब्द.

या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. ‘दुखल्यास’ लिहिलं की औषध दुखण्याच्या मागे धावत राहतं. बाई आधी सोसते, मग नवऱ्याला सांगते, नवरा सिस्टरांना शोधतो, सिस्टर दुसऱ्या खाटेजवळ असतात. औषध हातात पडून लागू होईपर्यंत तासभर सहज जातो. बाळंतपणात सोसणं हे बाईचं कर्तव्यच, असं आपल्याकडे अजून मानतात. त्यामुळे तो पहिला ‘आधी सोसते’ हा टप्पा फार लांबतो.

या वेळी तिची अडचण वेगळीही होती. बेदाण्याचा हंगाम ऐन भरात होता. नवरा आणि सासरे दिवसरात्र शेडवर. घरी सासूबाई, थोरला मुलगा आणि ती. तिला लवकर उठून बसायचं होतं, आणि ते तिनं स्पष्ट सांगितलं.

तपासण्या चांगल्या होत्या. हिमोग्लोबिन १०.८, प्लेटलेट १ लाख ९० हजार, क्रिएटिनिन ०.६, साखर आणि रक्तदाब ठीक. दमा नाही, अल्सर नाही. ही माहिती कोरडी वाटते, पण पुढचं निम्मं गणित तिच्यावरच उभं होतं. डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक द्यायचं तर मूत्रपिंड, प्लेटलेट, दमा, पोट हे सगळं आधी बघावं लागतं. रक्तदाबाचा गंभीर त्रास होऊन मूत्रपिंडावर ताण आलेल्या बाईला तेच औषध मी देणार नाही.

सासूबाईंची एक शंका होती. पहिल्या वेळच्या पाठीतल्या सुईनं सुनेची कंबर कायमची धरली, असं त्यांच्या मनात बसलं होतं. मणक्यातल्या भुलीनं टोचल्या जागी दोन-चार दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळे होत नाही. नऊ महिने ताणलेले स्नायू, वाकून पाजणं, उचल-ठेव ही तिची खरी कारणं. हे मी सांगितलं. त्यांना किती पटलं कोण जाणे, पण त्यांनी ऐकून घेतलं.

तीन दुखणी

वेदना मोजायला आम्ही शून्य ते दहाचं माप वापरतो. आपल्याकडच्या बायकांना ते माप परकं वाटतं. "पाच म्हणू का सहा?" असं त्या सिस्टरांनाच विचारतात. म्हणून मी शब्दांनी विचारते. सिझरनंतरच्या दुखण्याला आपल्या भाषेत तीन चांगले शब्द आहेत, आणि गंमत अशी की वैद्यकशास्त्र ज्या वेगळ्या वाटा सांगतं, त्यांच्याशी ते नेमके जुळतात.

ठणका हा जखमेचा. पोटावरच्या आडव्या छेदात कातडी, स्नायूंचं आवरण हे सगळं कापलेलं असतं, आणि त्या जागेच्या नसा सतत कळवत राहतात. ओढ हीसुद्धा जखमेचीच, पण हालचालीची: कूस बदलताना, खोकताना, खाटेवरून पाय खाली सोडताना. निजून असलेली बाई "बरं आहे" म्हणते आणि उठताना ओरडते, ती या ओढीमुळे. कळ मात्र गर्भाशयाची. बाळ स्तनाला लागलं की आईच्या रक्तात ऑक्सिटोसिन सुटतं, गर्भाशय आवळतं आणि पोटात गोळा येतो. हे आवळणं चांगलंच, कारण त्यानं रक्तस्राव कमी होतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ही कळ पहिल्यापेक्षा जोरात येते. पहिल्या वेळी जिचा त्रास टाक्याचा होता, तिला या वेळी कळेचाही होणार होता. हे मी तिला त्याच संध्याकाळी सांगून ठेवलं.

कुठली पद्धत कुठल्या दुखण्यावर चालते, हे बघितल्याशिवाय त्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मणक्यात भुलीच्या औषधाबरोबर अगदी थोडं मॉर्फिन देणं ही जगभर पहिल्या पसंतीची पद्धत आहे. माणसाच्या मणक्यात मॉर्फिन वेदनेसाठी दिल्याचा पहिला अहवाल १९७९ चा. प्रमाण ५० ते १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा किंवा त्याच्या आसपास. मॉर्फिन पाण्यात रमणारं औषध आहे. मणक्याभोवतीच्या द्रवात ते रेंगाळतं, हळूहळू वर पसरतं आणि १२ ते २४ तास पुरतं. ठणका, ओढ, कळ या तिन्हींवर त्याचा परिणाम होतो. मॉर्फिनच्याच जातीचं फेंटॅनिल याच्या उलट. ते चरबीत विरघळतं, लगेच लागू होतं आणि काही तासांत ओसरतं. शस्त्रक्रिया चालू असताना त्याचा मोठा उपयोग, पण रात्रीपर्यंत ते टिकत नाही.

मॉर्फिनची किंमतही आहे. अंगाला खाज सुटते, मळमळ होते आणि क्वचित कधी काही तासांनी श्वास मंदावतो. निरोगी बाईत हे फार विरळा घडतं. तरी ५० मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं तर पहिले १२ तास दर दोन तासांनी श्वास आणि शुद्ध बघावी, असं प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या २०१९ च्या एका सहमतीपत्रात म्हटलं आहे.

टॅप ब्लॉकमध्ये सोनोग्राफीत बघत पोटाच्या दोन्ही बाजूंना, स्नायूंच्या आतल्या दोन पदरांमध्ये बधिरतेचं औषध सोडायचं. पोटाच्या भिंतीकडे जाणाऱ्या नसा तिथून जातात. ठणका आणि ओढ यांवर तो छान चालतो, कळेवर जवळजवळ नाही, कारण गर्भाशयाच्या नसांची वाट वेगळी. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण रात्र पडेपर्यंत साथ देतो. मणक्यात मॉर्फिन दिलेलं असेल तर वरून टॅप देऊन फारसं काही वाढत नाही. मॉर्फिन नसेल तेव्हा मात्र त्याची खरी गरज. शल्यचिकित्सकानं टाके घालताना जखमेतच औषध भरणं हा त्याचा साधा, स्वस्त भाऊ. यंत्र लागत नाही, वेळ जात नाही. जिथे सोनोग्राफी यंत्र नाही तिथे मी तोच करायला सांगते.

हा यंत्राचा मुद्दा आपल्या भागात महत्त्वाचा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदवावं लागतं, आणि ते पिशवीत टाकून या दवाखान्यातून त्या दवाखान्यात नेता येत नाही. तो कायदा असायलाच हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण त्यामुळे भूलतज्ज्ञाला ब्लॉक येत असूनही बऱ्याच ठिकाणी देता येत नाही, हेही खरं. या प्रसूतिगृहात नोंदणी झालेलं यंत्र होतं.

पाठीत नळी ठेवून एपिड्युरल चालू ठेवणं, किंवा बटण दाबून स्वतः औषध घेण्याचा पंप, या दोन्ही गोष्टी तिच्यासाठी मी लगेच बाजूला केल्या. जिला संध्याकाळी पाय जमिनीवर टेकवायचे आहेत, तिला नळ्यांनी बांधून ठेवायचं नव्हतं.

राहिली साधी औषधं: पॅरासिटामॉल आणि डायक्लोफेनॅक. यांचं कौतुक कुणी करत नाही. पण कळ शरीरातल्या ज्या प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनाच्या जोरावर उठते, ते तयार होण्यावरच डायक्लोफेनॅक घाव घालतं. कळेवर याइतकं चांगलं औषध हाताशी दुसरं नाही. दोन्ही औषधं दुधात अगदी नाममात्र उतरतात. ट्रामाडॉलबद्दल मात्र अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०१७ मध्ये इशारा दिला की अंगावर पाजणाऱ्या आईनं ते घेऊ नये. काही जणींच्या शरीरात त्याचं रूपांतर फार वेगानं होतं, आणि बाळ सुस्तावू शकतं. आपल्याकडे ते आजही सर्रास लिहिलं जातं. मी ते शेवटच्या पायरीवर ठेवते, आणि हिच्यासाठी तर त्याच्याही खाली.

काय ठरलं

मणक्यात मॉर्फिन द्यायची माझी इच्छा होती. दोन गोष्टी आड आल्या. मणक्यात देण्याजोगं, टिकाऊपणासाठीची रसायनं न मिसळलेलं मॉर्फिन त्या महिन्यात आमच्याकडे नव्हतं. आणि रात्री बारा खाटांना दोन सिस्टर. त्यातली एक प्रसूतीत अडकली तर दर दोन तासांनी श्वास कोण मोजणार? सिस्टरांच्या कष्टांत कसूर नसते. कमी पडते ती त्यांची संख्या.

मिरज इथून जवळ. वॉनलेस साहेबांनी १८९० च्या दशकात सुरू केलेल्या मिशन दवाखान्यापासून ते औषधोपचाराचंच गाव. तिथल्या मोठ्या रुग्णालयात हे होऊ शकेल, असं मी तिला मोकळेपणानं सांगितलं. ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "आत्या, हितंच ऱ्हाऊ या. ह्या बाईंनी नऊ म्हैने बघितलंय मला." ‘ह्या बाई’ म्हणजे तिच्या प्रसूतितज्ज्ञ. तो निर्णय तिचा होता आणि मला तो योग्यच वाटला.

मग योजना अशी ठरली: मणक्यातली भूल फेंटॅनिलसह, बाळाची नाळ बांधल्यावर शिरेतून डेक्सामेथासोन आणि पॅरासिटामॉल, शेवटी डायक्लोफेनॅकची गुदद्वारातून द्यायची वडी, दोन्ही बाजूंना टॅप, आणि त्यानंतर घड्याळाप्रमाणे गोळ्या. दुखो वा न दुखो.

शस्त्रक्रियेचा दिवस

सकाळी नऊ वीसला भूल दिली: जड बुपिव्हॅकेन २ मिलिलिटर, म्हणजे १० मिलिग्रॅम, आणि फेंटॅनिल २० मायक्रोग्रॅम. मुलगी रडली ते नऊ एकेचाळीसला. नाळ बांधल्यावर डेक्सामेथासोन ८ मिलिग्रॅम अगदी सावकाश दिलं. जाग्या रुग्णाला ते भरकन दिलं तर मांड्यांच्या मध्ये विचित्र आग आणि खाज उठते, आणि बाई घाबरते. हे औषध उलटीही कमी करतं आणि दुखणंही थोडं कमी करतं. तिच्या पहिल्या रात्रीची आठवण ठेवून ते मुद्दाम दिलं. दहा वाजता पॅरासिटामॉल १ ग्रॅम.

टाके झाल्यावर वडी ठेवली, १०० मिलिग्रॅम. मग टॅप. फासळी आणि कमरेचं हाड यांच्या मध्ये, कुशीवर यंत्राचा दांडा टेकवला की पडद्यावर तीन पदर दिसतात. पोळीला पापुद्रे सुटावेत तसे एकाखाली एक. सुईचं टोक दुसऱ्या आणि तिसऱ्या पदराच्या मध्ये पोचलं, की आधी थोडं पाणी सोडून बघायचं. जागा बरोबर असेल तर दोन पदर अलगद दूर होतात आणि मध्ये काळ्या डोळ्यासारखी फट उघडते. ती फट उघडली की माझा जीव भांड्यात पडतो. दर बाजूला रोपिव्हॅकेन ०.२५ टक्के, २० मिलिलिटर. दोन्ही मिळून १०० मिलिग्रॅम. तिच्या वजनाला किलोमागे ३ मिलिग्रॅमच्या हिशेबानं १७४ मिलिग्रॅमची मर्यादा येते, तिच्या पुष्कळ अलीकडे. बाळंतिणीचं शरीर हे औषध रक्तात पटकन ओढतं, तेव्हा हात आखडता ठेवलेला बरा.

तासाभरात बाळ छातीशी होतं. दुपारी दोनला मी विचारलं. ठणका? "न्हाई." ओढ? "खोकल्यावर थोडी." कळ? "पाजताना येती, पण जाती." चारला पॅरासिटामॉल मिळालं. सातच्या सुमारास ती खाटेवर पाय सोडून बसली, सिस्टरांचा हात धरून उभी राहिली आणि मऊ भात खाल्ला. सासूबाई मला फोनवर म्हणाल्या, "मॅडम, मागल्या टायमाला दुसऱ्या दिशीबी उठली नव्हती."

पावणेतीनचा फोन

रात्री पावणेतीनला फोन वाजला. "मॅडम, पेशंट खूप रडतंय. दहापैकी आठ म्हणतंय."

अशा वेळी वेदनाशामक सांगण्याआधी काही गोष्टी विचारायच्याच असतात. नाडी, रक्तदाब, अंगावरून किती जातंय, पोट मऊ आहे की ताठ, गर्भाशय आवळलेलं आहे का, लघवीची नळी कुठे मुडपली नाही ना. सिझरनंतर अचानक वाढलेलं दुखणं कधी आतल्या रक्तस्रावाचं असतं, कधी फुगलेल्या मूत्राशयाचं. नाडी ९६, रक्तदाब १२४/८०, पॅड ठीक, पोट मऊ, पिशवीत लघवी उतरत होती. मग विचारलं, दहाच्या गोळ्या किती वाजता दिल्या?

सिस्टर क्षणभर गप्प. "मॅडम, साडेनऊलाच गाढ झोपली होती. बाळही झोपलं होतं. उठवावंसं वाटलं नाही."

मी गाडी काढली. रस्त्यात मनातल्या मनात हिशेब करत होते. टॅपचा अंमल रात्री नऊ-दहाच्या सुमारास ओसरला असणार. चारच्या पॅरासिटामॉलचा जोर दहाला संपला. सकाळी साडेदहाच्या वडीचाही तोवर संपत आलेला. तिन्ही आधार एकाच सुमारास सुटले. आणि ज्या घटकेला नवे आधार लावायचे, त्याच घटकेला आम्ही तिला प्रेमानं झोपू दिलं. दोनच्या पुढे मुलीनं भूक म्हणून हंबरडा फोडला, ही दचकून उठली. ओढ बसली, ठणका जागा झाला आणि पाजायला घेताच कळ आली.

पोचले तेव्हा ती कुशीवर मुटकुळं करून पडली होती, आणि मुलगी सासूबाईंच्या मांडीवर होती. तिनं सांगितलेलं चार वर्षांपूर्वीचं चित्र माझ्या डोळ्यांसमोर जसंच्या तसं होतं. ते बघून मला फार वाईट वाटलं. चूक सिस्टरांची म्हणून सोडून देता येण्यासारखी नव्हती. कागदावर मी ‘दर ६ तासांनी’ लिहिलं होतं. झोपलेल्या बाळंतिणीला उठवायचं का, हे लिहिलं नव्हतं. आपल्या घराघरांत झोपलेल्या बाळंतिणीला कुणी उठवत नाही. सिस्टर त्याच घरांतून आलेल्या आहेत.

मी फोनवर सांगितल्याप्रमाणे शिरेतून पॅरासिटामॉल १ ग्रॅम सुरू झालं होतं. डायक्लोफेनॅक इंजेक्शन ७५ चं न देता ५० ची गोळीच दिली, दुधाबरोबर. आधीची १०० धरून २४ तासांतली १५० मिलिग्रॅमची मर्यादा तिथेच पुरी होत होती. ट्रामाडॉल कपाटातून काढून ठेवायला सांगितलं होतं, लागलं नाही. उशी पोटावर दाबून धरत कूस कशी बदलायची हे पुन्हा दाखवलं. पावणेचारला ती म्हणाली, "ठणका हाय अजून, पण कळ बसली." चारला मुलगी तिच्या कुशीत पीत होती.

मी मधल्या वेळात विचार करत बसले होते. मॉर्फिन असतं तर ही वेळ बहुधा आली नसती. दिल्यापासून सतरा तास झाले असते, म्हणजे ते अजून काम करत असतं. ही पद्धत पहिल्या पसंतीची का, ते त्या खोलीत समोर दिसत होतं. मॉर्फिनविना चालवायचं तर चालतं, पण मग गोळीची एकही वेळ चुकवून भागत नाही. अमली पदार्थांविषयीच्या कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली, ती मॉर्फिनसारखी औषधं रुग्णांपर्यंत पोचावीत म्हणूनच. तरी छोट्या प्रसूतिगृहांत ते दिसत नाही. आपण डॉक्टरांनीच त्यासाठी नेट लावलेला नाही, असं माझं मत आहे.

पुढचे दिवस

सकाळी खाटेच्या पायाशी कागद चिकटवला. पॅरासिटामॉलच्या चार वेळा, डायक्लोफेनॅकच्या तीन, जेवणानंतर. खाली लाल शाईत: ‘झोपली असली तरी उठवून द्यावे.’ सासूबाईंनी मोबाईलवर गजर लावून घेतले. त्यांच्या हातात सत्ता आल्यासारखी झाली. दहा वाजले की सासूबाईच सिस्टरांना आठवण करत.

त्यांनी आणखी एक विचारलं, जरा भीतभीत: पोट बांधलं तर चालेल का? जुन्या सुती लुगड्याची पट्टी त्यांनी आणलीच होती. ठरवून केलेल्या सिझरनंतरच्या वेदनेसाठी जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहे, तिच्यात पोटाला पट्टा बांधण्याचा उल्लेख आहे. उठताना-चालताना त्यानं ओढ कमी होते. मी हो म्हटलं, फक्त श्वास कोंडेल इतकं आवळायचं नाही आणि जखम ओली ठेवायची नाही. धुरी-शेक मात्र टाक्यांपासून दूर ठेवायला सांगितलं. त्यांचा चेहरा खुलला. लुगड्याची घडी त्यांनी चार बोटं रुंद केली आणि सुनेला उभं करून पाठीमागून पुढे अशी बांधली की मला शिकायला मिळालं.

दुसऱ्या रात्री दहाला तिला उठवलं. ती अर्धवट झोपेत गोळ्या गिळून पुन्हा झोपली. अडीचला मुलगी उठली, तिनं घेतली, पाजली. फोन आला नाही. चौथ्या दिवशी घरी जाताना तिनं विचारलं, गोळ्या बंद कधी करायच्या? आधी डायक्लोफेनॅक, पाचेक दिवसांनी. पॅरासिटामॉल त्यानंतर, एकेक वेळ कमी करत.

सहा आठवड्यांनी ती टाका दाखवायला आली. बेदाण्याचा पुडा घेऊन. टाक्याच्या वर दोन बोटं जागा बधिर लागते म्हणाली. कातडीच्या बारीक नसा कापल्या जातात त्यामुळे तसं होतं, महिन्यामहिन्यानं कमी होत जातं. मी टाक्यावरून बोट फिरवलं. उजव्या टोकाला दाबल्यावर तिनं किंचित ओठ आवळले.

"ठणका?"

"न्हाई."

"कळ?"

"ती तवाच गेली."

"ओढ?"

"थोरल्याला उचलताना. जरा."

पहिल्या दिवसांत फार दुखलेल्या बायकांमध्ये दुखणं महिनोन्‌महिने रेंगाळण्याचं प्रमाण जास्त आढळतं, आणि मनाची उदासीही. म्हणून झोप, भूक, रडू येतं का, हेही विचारलं. थोरल्याला तूर्त खाली बसूनच मांडीवर घ्यायला सांगितलं. तीन महिने पूर्ण झाल्यावर उजव्या टोकाला अजून दुखत असेल तर पुन्हा यायचं, ही तारीख तिच्या फाईलवर लिहून दिली.